मायक्रोमीटरचं शून्य आणि माझे १,८६,०५० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो. लोक लाजेपोटी आकडा गिळतात आणि तिथेच 'शरीरातलं विष काढून देतो' म्हणणाऱ्या या मंडळींचं फावतं. एक लाख शहाऐंशी हजार पन्नास. फी १,२००. लघवीच्या दोन चाचण्या, प्रत्येकी ६,५००. 'किलेशन'च्या, म्हणजे शिरेतून औषध सोडून अंगातले धातू बाहेर काढायच्या, वीस सीटिंगचं पॅकेज १,१८,०००. मिनरलच्या तीन डब्या, ३,८५० ची एक. पाय बुडवून विष काढायचे चार टब, ९०० रुपये टबाला. आणि या सगळ्यातून जिवंत बाहेर पडायला खऱ्या हॉस्पिटलात दोन रात्री, ३८,७००. बेरीज तीनदा केली आहे.

मी भोसरीत एका कारखान्यात एकोणतीस वर्षं क्यूसीत, म्हणजे मालाच्या तपासणीत होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, धायरीला राहतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'म्हातारा भोळा असेल, फसला' असं वाचणाऱ्याच्या मनात येणार. सप्लायरचा माल परत पाठवण्यासाठी माझं नाव प्रसिद्ध होतं हो. पॉलिसीवाले, प्लॉटवाले, 'केवायसी संपली आहे' म्हणणारे, सगळ्यांना मी दारातून किंवा फोनवरून वाटेला लावलं आहे. पण पायाला रात्रंदिवस मुंग्या येत असल्या, जिना चढताना तोल जात असला, की माणूस वेगळ्याच अकलेनं चालतो.

तळजाईला सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या एकानं सिंहगड रस्त्यावरच्या हॉलमधल्या मोफत व्याख्यानाला नेलं. उपमा, चहा, मागे पडदा. त्या गृहस्थाला तीन माणसं आणल्याबद्दल दोन सीटिंग फुकट मिळाल्या होत्या, हे मला पाच महिन्यांनी कळलं. अजून भेटतो. मान खाली घालून पुढे निघून जातो.

आता माझी बाजू. व्याख्यानवाल्यांनी विचारलं, "काका, कधी भस्म वगैरे घेतलं होतं का?" घेतलं होतं. साखरेसाठी एका वैदूकडून काळसर पुड्या, दोन वर्षं, लेबल नाही, काही नाही. अशा रसौषधींत, म्हणजे धातूंची भस्मं घालून केलेल्या औषधांत, शिसं, पारा, आर्सेनिक सापडतं हे खोटं नाही. बोस्टनमधल्या दुकानांतून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी पाचातल्या एकात ते निघालं, आणि ते २००४ साली मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. त्यांनी पडद्यावर तेच दाखवलं. भीती खरी होती, म्हणून तिच्यावर चढवलेलं खोटं मला दिसलं नाही. शंभर टक्के खोटं बोलणाऱ्याला मी तिथेच पकडला असता.

आणि आता तो क्षण, ज्यासाठी मी रात्री दोनला उठून बसतो.

त्यांच्या दवाखान्यात सिस्टरनं दोन कॅप्सूल दिल्या, वर ग्लासभर पाणी, हातात पिवळ्या झाकणाचा मोठा डबा. "सहा तासांची लघवी यात गोळा करा, काका." कॅप्सूल कसल्या म्हणून विचारलं. "धातू सुटे होऊन बाहेर येतात, म्हणजे रिपोर्ट नीट येतो." दहा दिवसांनी रंगीत रिपोर्ट आला. शिसं ३१, मर्यादा २. लाल पट्टी पार कागदाच्या कडेपर्यंत. ही शेजारी बसली होती, तिनं माझा हात धरला.

त्याच कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की वरच्या मर्यादा औषध न देता घेतलेल्या नमुन्यासाठी आहेत.

म्हणजे काय केलं? औषध देऊन धातू मुद्दाम लघवीत ओढून आणला आणि मोजला त्या पट्टीनं, जी औषध न घेतलेल्या माणसासाठी आहे. आपल्या प्रत्येकाच्या हाडांत थोडंफार शिसं असतंच. कुणालाही त्या कॅप्सूल द्या, पट्टी लालकडे सरकणारच. अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या संघटनेनं ही चाचणी ग्राह्य नाही असं कधीच जाहीर केलेलं आहे. पण मला संघटना कशाला लागत होती? एकोणतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता मी मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं उपकरण, बंद करून आधी शून्य बघत आलो. शून्य सरकलेलं असेल तर दिवसभराची सगळी मापं कचरा. नवीन पोरांना मी यावरून झापलं आहे, एकाला तर रडवलं आहे. आणि माझ्या स्वतःच्या शरीराचं माप घेताना समोरच्यानं शून्य हलवलं, मला सांगून हलवलं, आणि मी "बरं" म्हणालो. चष्मा खिशात होता. काढला नाही.

तर पहिलं: शिशाची शंका असेल तर रक्त तपासा, औषध न घेता. चाचणीच्या आधी कुणी 'सुटे करायची' गोळी दिली, तर चपला घाला आणि निघा.

पॅकेज १,४०,००० चं होतं, 'आज भरलं तर' १,१८,०००. पुण्याच्या माणसाला बावीस हजार सुटले की बरं वाटतं, ते त्यांना ठाऊक आहे. चार पानी इंग्रजी संमतीपत्रावर सही केली. तीच सही पुढे मला प्रत्येक टेबलावर दाखवली गेली.

टबाबद्दल लिहायलाही लाज वाटते. मिठाच्या पाण्यात पाय, मध्ये एक डबी, तिला वायर. वीस मिनिटांत पाणी तपकिरी, वर फेस. "बघा काका, किती घाण निघाली." लोखंडाचे दोन तुकडे, मिठाचं पाणी आणि करंट. गंज, दुसरं काय! आमच्याकडे प्लेटिंग शॉप होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पुढे राग आला तेव्हा बाल्कनीत बादलीत मीठ, दोन खिळे आणि बारा व्होल्टचा चार्जर लावून बघितलं. पाय न घालता पाणी तस्सं तपकिरी झालं. ही म्हणाली, "बादली आता तुम्हीच घासा." घासली.

पाच सीटिंगनंतर दुसरी चाचणी: ३१ वरून २४. "लागू पडतंय!" मी पेढे नेले होते तिथे. एकाच माणसाची तीच चाचणी दोनदा केली तर आकडा किती हलतो, हे कुणाला विचारावं असं मला सुचलंही नाही.

नवव्या सीटिंगला सलाइन नेहमीपेक्षा भराभर सोडलं. त्यांना पुढचा पेशंट घ्यायचा होता. तास-दीड तासात ओठांभोवती मुंग्या, मग बोटं. पाचही बोटं आपोआप एकत्र येऊन हात चोचीसारखा वळला आणि उघडेना. सिस्टर म्हणाली, "डिटॉक्स होतंय, सहन करा." हिनं ऐकलं नाही, बाहेर जाऊन रिक्षा आणली. आणि निघताना स्टँडवरच्या बाटलीचा मोबाइलवर फोटो काढला. का काढला विचारलं तर म्हणते, "उगाच." बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात गेली आहेत तिची, कागद सोडत नाही.

हॉस्पिटलात कॅल्शियम ६.४ आलं. साडेआठच्या खाली असूच नये म्हणतात. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. बाटलीत डायसोडियम ईडीटीए होतं. शिशाच्या विषबाधेवर हॉस्पिटलात देतात ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. नावात एका शब्दाचा फरक. तो शब्द नसलेलं औषध रक्तातलं कॅल्शियमच बांधून घेऊन जातं, आणि कॅल्शियम फार खाली गेलं की हृदय थांबतं. अमेरिकेत २००३ ते २००५ मध्ये किलेशन चालू असताना असे तीन जीव गेले, त्यातली दोन लहान मुलं. हे ऐकताना ही माझ्याकडे बघत नव्हती.

रक्तातलं शिसं तपासलं: २.८. लहान मुलांना ४५ किंवा त्याच्या वर असेल तर किलेशन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कामगारांत खरी विषबाधा होते, आणि तिथेही पहिला उपाय म्हणजे शिशाच्या जागेवरून माणूस हलवणं. माझं दुखणं भलतंच होतं. अकरा वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, जन्मभर शाकाहार, म्हणून बी-१२ फक्त १२६. पाच इंजेक्शनं लिहून दिली, पाचांचे मिळून ४१० रुपये. दोन महिन्यांत मुंग्या निम्म्यावर आल्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेत असाल आणि पायाला मुंग्या येत असतील, तर आधी बी-१२ बघा. चारशे दहा रुपये!

रागाच्या भरात मी सोसायटीत 'किलेशन म्हणजे निव्वळ थोतांड' असं बोललो, त्याचं प्रायश्चित्तही घेतलं. बी विंगमध्ये थॅलेसेमियाची एक मुलगी आहे, सारखं रक्त चढवून साठलेलं लोह काढायला तिला रोज गोळी लागते. तेही किलेशनच. तिची आई घाबरून विचारायला आली. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. ते औषध खरं आहे, तिच्या डॉक्टरांनी दिलंय, बंद करू नका. खऱ्या औषधाचं नाव वापरूनच तर हे लोक दुकान चालवतात.

हृदयासाठी म्हणून गळ घालत असतील तर हेही ऐका. त्यांच्या फाइलीत अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचं कात्रण आहे, हार्ट अटॅक येऊन गेलेले १,७०८ पेशंट, २०१३. थोडा फायदा दिसला होता, मधुमेह्यांत जास्त. म्हणून खास मधुमेह्यांवर तोच अभ्यास पुन्हा केला. निकाल २०२४ मध्ये आला: रक्तातलं शिसं उतरलं, फायदा शून्य. ते दुसरं कात्रण फाइलीत नाही.

आता आपल्या मायबाप यंत्रणेकडे येतो.

दवाखान्यात गेलो तर "पॅकेज नॉन-रिफंडेबल, काका, पान तीन." चौकीत गेलो. साहेबांनी सही बघितली. "तुम्हीच दिलेत ना पैसे? दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, जीव जात होता. "गेला नाही ना?" हे वाक्य मी शब्दशः लिहितोय. डॉक्टरांची नोंदणी बघणाऱ्या एका कचेरीत अर्ज दिला. सात आठवड्यांनी उत्तर आलं की सदर व्यक्ती आमच्या यादीत नाही, सबब कारवाई करता येत नाही. म्हणजे यादीत नसलेला माणूस शिरेतून औषध सोडतो, हा गुन्हा नसून यांची सुटका! मग दुसऱ्या पॅथीच्या कचेरीत. तिथे तो यादीत आहे, पण "हे औषध आमच्या पॅथीचं नाही, औषधवाल्यांकडे जा." औषधवाल्यांच्या कचेरीत दोन वेळा साहेब दौऱ्यावर, तिसऱ्यांदा जेवायला, चौथ्यांदा भेटले. फोटो बघून म्हणाले, "फोटोवर काय करणार? बाटली आणा." बाटली दवाखान्यात आहे साहेब, तुम्ही जाऊन बघा की. "तशी तक्रार ऑनलाइन करावी लागेल." ऑनलाइनला ओटीपी येत नाही. आला तेव्हा पान बंद पडलं. पाच खिडक्या, अकरा फेऱ्या, आणि प्रत्येक खिडकीतला माणूस मला दुसरी खिडकी दाखवण्याचा पगार घेतो. रिजेक्ट झालेला माल असा टेबलामागून टेबल फिरवला असता तर आमच्या मॅनेजरनं आमचीच गचांडी धरली असती.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. १९१५ ही हेल्पलाइन आहे, ती निदान उचलतात. माझ्याकडे हिनं काढलेला फोटो, पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड आहे. कार्डावर कॅल्शियम का घसरलं ते लिहून घेतलं आहे. तुम्हीही डिस्चार्जच्या आधी असं कारण लिहून घ्या, नंतर कुणी लिहून देत नाही. रोख दिलेल्या ११,५५० ची पावती मात्र नाही. मिनरलच्या डब्यांचे, 'काउंटर सेल' म्हणे.

दवाखाना अजून चालू आहे. मागच्या गुरुवारी समोरून गेलो, पाटी नवीन आहे, बाहेर नऊ-दहा जोडी चपला होत्या. पुण्यात कुणी अशा ठिकाणी सीटिंग घेत असेल, तर माझं एक काम करा. सलाइन संपल्यावर रिकामी बाटली मागून घ्या. नाही दिली तर कचऱ्याच्या डब्यातून उचला. लेबलावर 'डायसोडियम'च्या आधी 'कॅल्शियम' आहे का बघा, आणि नसेल तर बाटली लेबलासकट पिशवीत बांधून घरी ठेवा. साहेबांना बाटली हवी आहे.