नऊ नंबरचा चौकोन: वंशावळीच्या क्लासचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या जुलैत मी वंशावळ शोधायला शिकवणारा ऑनलाइन क्लास लावला तेव्हा बायको म्हणाली, "आपण पाटील. गावात दर तिसरं घर पाटलाचं. त्यात शोधायचं काय?" मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. जुने कागद बघायचा कंटाळा येत नाही, एवढीच माझी पात्रता. क्लास फेब्रुवारीत संपला, शिकलेलं लावून बघण्यात पुढचे महिने गेले, आणि आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर लिहायला बसलोय. क्लासचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

शनिवारी रात्री साडेआठ ते दहा, झूमवर. फी पाच हजारांच्या आत. बॅचमधले निम्मेअधिक लोक जात पडताळणीच्या फायलीसाठी आलेले. आपल्याकडे माणूस पणजोबाचं नाव पहिल्यांदा विचारतो ते पोराची व्हॅलिडिटी अडली म्हणजे. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा. त्यात 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून त्या नोंदींसाठी जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना उसंत नाही. माझ्याकडेही पुतणीच्या फायलीतली वंशावळ होती, प्रतिज्ञापत्रासकट. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप. मला वाटलं, निम्मं काम आधीच झालंय.

पहिल्याच तासाला ती हवा निघाली. शिकवणाऱ्या बाई मूळच्या आपल्याकडच्याच, आता परदेशात असतात. त्यांच्या तक्त्यात आपण एक नंबर, वडील दोन, आई तीन. कुणाच्याही नंबराची दुप्पट केली की त्याचा बाप, दुपटीत एक मिळवला की आई. म्हणजे आजोबा चार, पणजोबा आठ, पणजी नऊ. हिशेब लिहिणाऱ्याला हे फार आवडतं. पण त्याची गोम अशी की बायकांचे चौकोन रिकामे राहिले तर ते लगेच डोळ्यांत खुपतात. पुतणीच्या फायलीत एकही बाई नव्हती, आणि ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

नऊ नंबरात मी ठोकून 'गिरजाबाई' लिहिलं. घरात भिंतीवर फोटो आहे तिचा. बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि त्याला कुणी सांगितलं?" हा प्रश्न त्यांनी पुढचे आठ महिने प्रत्येकाला विचारला. माझी निम्मी फी त्या प्रश्नातच वसूल झाली.

आता तक्रारी. चार तास इंग्लंड-अमेरिकेच्या जनगणनेवर, जहाजांच्या याद्यांवर आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींवर गेले. अमेरिकेत जनगणनेचे कागद 72 वर्षांनी खुले होतात, इंग्लंडात 100 वर्षांनी. ऐकायला छान वाटतं. आपल्याकडे जनगणनेत घराघराची भरलेली माहिती कायद्यानेच गोपनीय आहे, ती कधी कुणाला दाखवत नाहीत. हे बाईंनी तिसऱ्या तासाच्या शेवटी सांगितलं. बोरी नदीकाठच्या माणसाने तोवर जहाजांच्या याद्या का ऐकायच्या? फॅमिलीसर्च ही साइट मात्र फुकट आहे आणि तिथे हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या, वंशावळीच्या वह्यांचे फोटो बघायला मिळतात, ते भारी वाटलं. पण तिथे 'पाटील' टाकून शोधलं तर पाटलांचा पूर येतो. पाटीलकी हे वतन होतं, आडनाव नव्हे, हे त्या साइटला कोण सांगणार? रेकॉर्डिंगही क्लास संपल्यावर तीन महिन्यांत बंद केलं. मला हंगामात, दिवाळी ते संक्रांत, निम्मे तास बुडवावे लागले होते. मेसेज केले, उत्तर आलं नाही.

मोडीचे सहा तास वेगळे सर घेत, आणि ते अस्सल होते. आधी ओळ आखायची, मग अक्षरं तिला लटकवत, हात न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नाही, हे कळल्यावर माझी भीती अर्धी गेली. साल अरबी शब्दांत येतं: 'खमस अशर मयातैन व अलफ' म्हणजे पाच, दहा, दोनशे आणि हजार, झाले 1215. हे शुहूर सन. त्यात 599 मिळवा, 1814 आलं. फसली, म्हणजे महसुली सनाला 590 मिळवायचे. 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. सरांना धुळ्याविषयी फार आपुलकी. इतिहासकार वि. का. राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला धुळ्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. आम्ही खानदेशी मात्र त्या इमारतीवरून रिक्षाने जातो आणि वर बघत नाही.

माझ्या कामाचं सगळ्यात जास्त काय निघालं असेल तर कोतवाल बुक. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे त्यात लिहिलं जाई. आमचं गाव आज पारोळा तालुक्यात आहे, पण जुन्या कागदांत 'तालुके अमळनेर' असं येतं, एवढं ठाऊक नसेल तर माणूस भलतेच गठ्ठे सोडत बसतो. अर्ज केला. रेकॉर्ड रूमच्या भल्या माणसाने टेबलाची एक बाजू मोकळी करून दिली.

ऑक्टोबर 1918 चं पान. चहा सांडून वाळावा तशा रंगाचं, शाई तपकिरी पडलेली. आधीच्या पानांवर महिन्याला दोन-तीन मयती दिसत होत्या. या पानावर जागा पुरलेली नाही, समासातही नावं कोंबली आहेत. कारणाच्या रकान्यात वरच्या दोन ओळींत 'ताप' आणि खाली पान संपेपर्यंत नुसत्या 'सदर'च्या दोन-दोन रेघा. लिहिणाऱ्याचा हातच दुखला असेल. हीच ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. देशभरात कोटीहून जास्त माणसं गेली तिच्यात. अकराव्या ओळीवर मी थांबलो, कारण ते माझ्या पणजोबाचं नाव होतं: 'महादू वलद दगडू याची बायको, वय 20'. पुढे रेघा.

नवऱ्याचं नाव आहे, सासऱ्याचं आहे, जात आहे, वय आहे. मेली तिचं नाव तेवढं नाही.

मग भिंतीवरची गिरजाबाई कोण? 1934 च्या जमिनीच्या फेरफारात ती स्वच्छ आहे: महादू मयत, वारस मुलगा आणि 'बायको गिरजा कोम महादू'. म्हणजे दुसरेपणाची. आता प्रश्न आजोबांचा: ते पहिलीचे की गिरजाबाईचे? शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांची जन्मतारीख 1 जून 1916. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जूनला येतो, ती गुरुजींनी सोयीने टाकलेली तारीख, तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पण शाळेत दाखला झाला 1923 मध्ये. गिरजाबाई घरात आली ती 1918 नंतरच. तिचं पोर त्या वेळी फार तर चार वर्षांचं असतं, आणि चार वर्षांच्या पोराला कुठलेही गुरुजी सातचं म्हणणार नाहीत. त्या वर्षांच्या जन्माच्या नोंदी मिळाल्या असत्या तर वादच नव्हता, पण त्या गठ्ठ्यात 1918 च्या आधीचं जन्माचं काही नव्हतं.

त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. तीर्थोपाध्यायांनी गाव विचारलं, वही काढली, आणि 1961 साली आलेल्या आजोबांची सही समोर ठेवली. त्यांच्याच हातचं: 'आई गिरजाबाई'. क्षणभर वाटलं, मीच चुकलो. मग बाईंचा प्रश्न आठवला. आजोबांना हे कुणी सांगितलं? दोन-अडीच वर्षांच्या पोराला काय आठवणार? त्याला जिने वाढवलं ती त्याची आई. वहीतलं खोटं नाही, पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तरही नाही.

शेवटी फुईकडे, म्हणजे आत्याकडे गेलो. ऐंशीच्या पुढची आहे, कानाने कमी. तिला हे ठाऊक होतं! "आमना बाले मायनं दूध जास्त दिन भेटनं नही, असं म्हनेत," ती कुरडई मोडत म्हणाली. म्हणजे आमच्या बापाला आईचं दूध जास्त दिवस मिळालं नाही, असं म्हणायचे. मग आजवर बोलली का नाहीस? "कोनी इचारं नही." आणि नाव? "नाव कोन ध्यानमा ठेवी?" एवढंच आठवलं तिला, की ती शिंदखेड्याकडची होती.

म्हणून माझं मत असं: खानदेशातल्या माणसाने हा क्लास लावावा का? पहिले दोन महिने आणि मोडीचे तास, जरूर. मधले परदेशी तास वगळून फी घेत असतील तर आणखी बरं, तसं मी त्यांना लिहिलंही आहे. पण क्लास लावायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी दोन दुपारी बसा. मी उलटं केलं, सहा महिने आणि पेट्रोल घालवलं. आणखी एक, कागदाचा फोटो काढाल तेव्हा पान नंबर आणि गठ्ठ्यावरची चिठ्ठीही फोटोत घ्या. माझ्या फोनमध्ये चाळीस पानं अशी आहेत की ती कुठली हे आता मलाच सांगता येत नाही.

या आखाजीला वडिलांनी पितरांची घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं आणि आगारी टाकायला, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर घास टाकायला बसले. दगडू, महादू, गिरजा, अशी नावं घेत घेत थांबले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, माझ्याकडे नाव नव्हतं. "आन ती," म्हणाले आणि घास विस्तवावर टाकला.

दुसऱ्या टप्प्याची फी मी भरणार नाही. शिंदखेडा 1906 च्या विभागणीत पश्चिम खानदेशात गेलं, म्हणजे पुढचा शोध धुळ्याकडे. पण कोतवाल बुकात लग्नं नसतात, मग शोधायचं कुठून? फुई म्हणते, वंशावळ लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या वहीत सुनेचं माहेर लिहिलेलं असतं. आमच्या भाटाचा नंबर चुलतभावाकडे आहे, तो सुरतला. कापूस यायच्या आत त्याला गाठायचंय.