विंडोजचं फॉन्ट्सचं पान: बनवणारा सापडतो, आणणारा नाही

लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक असली कामं करणाऱ्या डीटीपीवाल्याच्या मशीनवर फॉन्टचा नुसता बाजार भरलेला असतो. कुठला विंडोजबरोबर आला, कुठला गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून घुसला, काही पत्ता नाही. मी ही झाडाझडती सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशनखाली असलेल्या 'फॉन्ट्स' पानावर घेते. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, पैसे पडत नाहीत.

फॉन्ट उघडला की वर नमुना दिसतो, तिथे आपला मजकूर टाकता येतो. मी 'सुऱ्या, दऱ्या, शाळा, लाल' टाकते. ऱ्या फुटतोय का, श देठाचा नि ल पाकळीचा आहे का, लगेच कळतं. पण खरा माल खाली आहे: फाइलचा पत्ता, व्हर्जन, निर्माता, कॉपीराइट, लायसन्स. 'कोकिला'चा माग पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीपर्यंत जातो. 'मुक्ता' मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, लायसन्स एसआयएल ओपन फॉन्ट, म्हणजे पुस्तकात बिनधास्त वापरा. उलट कुणीतरी 'घ्या, फुकट आहे' म्हणून दिलेल्या फॉन्टमध्ये निर्मात्याची जागा कोरी आणि व्हर्जनमध्ये नुसतं 'फॉन्टोग्राफर'. ते तर फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरचं नाव, मालकाचं नव्हे! असला फॉन्ट मी दुसऱ्याच्या पुस्तकात लावत नाही. बरं, ही माहिती फाइलमध्येच लिहिलेली असते आणि ज्याला येतं तो ती बदलूही शकतो. त्यामुळे नाव आहे म्हणून डोळे मिटून विश्वास नको.

फाइलचा पत्ता मात्र कामाचा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून साधं 'इन्स्टॉल' दाबलं की फॉन्ट त्या युजरच्या ॲपडेटा फोल्डरात जातो. 'सगळ्यांसाठी' निवडलं तरच विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात. संध्याकाळच्या पाळीचा मुलगा 'ताई, माझ्या लॉगिनला फॉन्टच दिसत नाही' म्हणतो, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

नव्या मशीनवर 'मंगल' नाही म्हणून घाबरू नका. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा हा फॉन्ट, शिवाय कोकिला, अपराजिता, उत्साह, हे सगळे विंडोज १० पासून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऑप्शनल फीचरमध्ये गेलेत. मराठी भाषा जोडली की येतात. तोवर देवनागरीचा भार विंडोजमधलाच 'निर्मला यूआय' हा फॉन्ट उचलतो.

आता उणं. कुठल्या प्रोग्रामनं फॉन्ट आणून टाकला, हे पान सांगत नाही. तारखा आणि फोल्डर बघून अंदाज बांधायचा. वर्डमध्ये नावापुढे ढगाचं चिन्ह असलेले फॉन्ट ऑफिस वेगळ्याच जागी उतरवतं, ते इथे शोधू नका. आणि पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करायची, म्हणजे फाइलच्या आतच भरायची, परवानगी आहे का, हे बघायला मी अजून सी ड्राइव्हमधलं जुनं फॉन्ट्स फोल्डरच उघडते. डिटेल्स व्ह्यू लावून एम्बेडेबिलिटीचा रकाना चालू केला की सगळ्यांचा हिशेब एका नजरेत.

५ पैकी साडेतीन. जुनं फोल्डर जोडीला धरलं, तर चार.