टिश्यूचं रोप की कंद? जी-नाईन केळीच्या पॉलिबॅगमधल्या रोपाची पारख

खानदेशात "कोणती जात लावली?" असं विचारलं की बऱ्याचदा "टिश्यू" असं उत्तर येतं. टिश्यू ही जात नाही. जात ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-नाईन. टिश्यू, म्हणजे टिश्यू कल्चर, ही ती जात लॅबमध्ये बाटलीत वाढवण्याची रीत. कंदातून आलेली जी-नाईन आणि बाटलीतून आलेली जी-नाईन या दोन्ही एकाच झाडाच्या नकला असतात आणि दोन्हीची जनुकं तीच. रोपाला कंदाच्या कित्येक पट पैसे जातात ते चांगल्या जातीचे नव्हेत, स्वच्छ आणि सारख्या वयाच्या नकलेचे. आणि नक्कल किती स्वच्छ आहे हे पानांच्या हिरवेपणावरून कळत नाही. या मालाची खरी अडचण तीच.

बियांपासून केळी का लावत नाहीत, तर जी-नाईनला बी धरतच नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात, 11 च्या तिप्पट म्हणजे 33. परागकण किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांची जोडीजोडीने वाटणी व्हावी लागते. तिघांची समान वाटणी होत नाही आणि लैंगिक प्रजनन तिथेच अडतं. फळ मात्र परागीकरणाशिवाय फुगतं. पिकलं केळं आडवं कापलं की मधोमध जे बारीक काळपट ठिपके दिसतात, ती फलन न झालेली बीजांडं. म्हणूनच फण्या पूर्ण सुटल्यावर घडाखालचं कमळ, म्हणजे नर फुलांचा तो जांभळा भाग, मोडून टाकलं तरी घडाचं काही बिघडत नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी रानकेळ (कुठे कवदर, कुठे चवई) नेमकी उलटी: तिला पील (बुडाशी फुटणारा नवा कोंब) फुटत नाही, फळात टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात आणि एकदा फळून ती मरते. तिचा वंश फक्त बियांवर चालतो, जी-नाईनचा फक्त पिलांवर.

तेव्हा तुलना कंदाशीच करायची. कंद वाईट माल नाही. तलवारीसारख्या अरुंद पानांच्या, 3 ते 4 महिन्यांच्या पिलाचा 450 ते 750 ग्रॅमचा कंद घेतला, मुळ्या छाटून 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि 15 ग्रॅम ॲसिफेट (कीटकनाशक) या द्रावणात अर्धा तास बुडवला, की बाग उभी राहते. रुंद पानांचा पाणपील दिसायला टवटवीत असतो, पण त्याचा कंद किरकोळ आणि मातृकंदाशी सांधा वरवरचा. तो घेऊ नये. कंद विळ्याने तासून बघावा: आतला गर पांढराशुभ्र हवा. काळे बोगदे दिसले तर सोंडकिडा, मुळांवर लालसर तपकिरी चट्टे दिसले तर सूत्रकृमी. या दोघांची ने-आण मुख्यतः कंदातूनच होते. कंदाचा दुसरा दोष वयाचा. 450 ग्रॅमचा आणि 750 ग्रॅमचा कंद एकाच दिवशी लावले तरी निसवणी (घड बाहेर पडणं) एकत्र होत नाही, काढणी तीन-चार महिने रेंगाळते आणि बाग 16 ते 18 महिने जमीन अडवते.

टिश्यूच्या रोपाची बाग 11 ते 12 महिन्यांत काढणीला येते आणि काढणी महिना-दीड महिन्यात आटोपते. फरकाचा पैसा इथे आहे. एका वेळी एका वयाचा माल निघाला तर व्यापाऱ्याची गाडी भरते. निर्यातीच्या 40 फुटी कंटेनरला साधारण 20 टन सारखा माल लागतो, तो कंदाच्या बागेतून एका काढणीत जमवणं अवघडच. घडाचं वजन नुसत्या रोपामुळे वाढत नाही. 25 ते 30 किलोच्या घडामागे ठिबक, झाडामागे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद, 200 ग्रॅम पालाश आणि वेळेवर केलेली पीलकापणी असते. हेच सगळं कंदाला दिलं तर कंदही चांगला घड देतो, फक्त उशिरा आणि मागेपुढे.

आता लॅबमध्ये काय चुकतं ते बघू, कारण रोपाचे बहुतेक दोष तिथले असतात. निवडलेल्या झाडाच्या पिलाचा कोंब तासत आतल्या वाढबिंदूपर्यंत आणतात, निर्जंतुक करतात आणि साखर, क्षार आणि सायटोकायनिन संप्रेरक घातलेल्या अगारवर 25 अंशांच्या आसपास ठेवतात. कोंबाला बाजूने कोंब फुटतात, दर चार-पाच आठवड्यांनी ते सुटे करून नव्या बाटलीत जातात. एका फेरीत एकाचे तीन धरले तर 8 फेऱ्यांत 6,561 रोपं होतात. आणखी दोनच फेऱ्या मारल्या तर 59,049. मोह होतो तो इथे. फेऱ्या वाढल्या की नकलेत चुका शिरतात, म्हणून केळीत साधारण 8 फेऱ्यांवर थांबून नव्या मातृझाडापासून सुरुवात करायची असते. चुकलेल्या नकलांत जी-नाईनमध्ये सर्वात जास्त दिसतात ती खुजी रोपं: देठ आखूड, पानं एकमेकांवर दाटलेली, घड निसवताना बुंध्यात अडकतो. दुसरा प्रकार जाड, अरुंद, वेड्यावाकड्या कडांच्या आणि फिकट ठिपक्यांच्या पानांचा. तो बघून लोक व्हायरस समजतात, पण तो शेजारच्या झाडाला लागत नाही. दोन्ही प्रकारांच्या झाडांकडून घडाची आशा ठेवू नये. हे प्रमाण शेकड्यात दोनच्या आत असावं.

दुसरी चूक मातृझाडाची. "टिश्यू म्हणजे रोगमुक्त" हे अर्धं खरं. बुरशी, सूत्रकृमी आणि सोंडकिडा बाटलीत टिकत नाहीत, विषाणू टिकतो. मातृझाडाची एलायझा किंवा पीसीआर (विषाणू ओळखणाऱ्या लॅब चाचण्या) तपासणी न करता कोंब घेतला, तर लॅब रोपांबरोबर विषाणूच्याही हजारो नकला काढते. त्यासाठीच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण यंत्रणा सुरू केली. तिच्यात मान्यताप्राप्त उत्पादकाच्या तपासलेल्या लॉटला लेबल मिळतं. खरेदीला जाताना पहिला प्रश्न भावाचा नको, लेबलाचा हवा. मान्यतापत्र भिंतीवर आहे म्हणजे तुमचा लॉट तपासलेला आहे असं नव्हे. लॉट क्रमांक बिलावर घालून घ्यावा. आणि रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. लावणीनंतर पंधरा दिवसांत विषाणू घेऊन मावा आला तर प्रमाणित रोपही आजारी पडतं.

रोपवाटिकेत हाताने तपासता येतं ते हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं. बाटलीत दमटपणा पूर्ण असल्याने पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. अशी रोपं उघड्यावर आणली तर तासाभरात माना टाकतात. म्हणून कोकोपीटच्या ट्रेमध्ये 4 ते 6 आठवडे आणि मग पिशवीत शेडनेटखाली 6 ते 8 आठवडे. मे-जूनला मृगबागेची (पावसाळ्याच्या तोंडावरच्या लावणीची) मागणी चढली की हा दुसरा टप्पा आखडता घेतला जातो. लावलेलं रोप जगत नाही ते बहुतेक यामुळेच. तपासायचं असं: रांगेच्या कडेचं नको, मधलं एक रोप उचला आणि पिशवी ब्लेडने फाडायला सांगा. चांगल्या रोपाचा मातीचा गोळा हातात अखंड राहतो, बाहेरून पांढरी मुळं गोळ्याला गुंफलेली दिसतात. गोळा भसकन सुटला तर रोप पिशवीत नुकतंच बसवलंय. मुळं तळाशी गोल गोल फिरून तपकिरी झाली असतील तर ते जुनं, अडकलेलं रोप. उंची फुटाच्या आसपास, 5-6 कामाची पानं, बुंधा बोटाने दाबून घट्ट. लांबुडकं, फिकट, पानापानांत मोठं अंतर असलेलं रोप उंच दिसतं म्हणून घेऊ नये, ते सावलीत ताणलेलं असतं. दुकानदार पिशवी फाडू देत नसेल तर दुसरीकडे जावं. एका रोपाचा हा खर्च 5 बाय 5 फुटांच्या लावणीत एकरी 1,742 रोपांपुढे काहीच नाही.

शेतात आल्यावर रोपं झाडाखाली तीन-चार दिवस विसावू द्यावीत. गाडीत चेंगरून गोळा फुटला असेल ते रोप वेगळं काढावं. लावणी संध्याकाळी, पिशवीतल्या मातीची पातळी आणि शेताची पातळी एक. खोल गाडलं तर कंद कुजतो. कंदाच्या झाडाला सुरुवातीची शिदोरी कंदातच असते, दोन दिवस पाणी चुकलं तरी ते तग धरतं. टिश्यूच्या रोपाकडे शिदोरी नाही. ठिबक नसेल किंवा विजेचा भरवसा नसेल, तर पहिले दोन महिने हे रोप फार नाजूक आहे आणि तिथे कंदच बरा. सुरुवातीला रोज 4-5 लिटर, निसवणीपर्यंत 18-20 लिटरपर्यंत पाणी जातं. युरियाची मूठ बुंध्याशी टाकली की कोवळी मुळं करपतात. खत थोडं थोडं ठिबकमधून. उन्हाळी लावणीला पश्चिमेकडून ताग पेरून घ्यावा, कांदेबागेला (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लावणीला) थंडीत क्रॉप कव्हर घालावं. कव्हर माव्यालाही अडवतं.

उष्णता आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की कोवळ्या टिश्यूच्या रोपाला कंदकुज लागते. पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला घाण वास सुटतो. असं झाड उपटून बाहेर न्यावं, त्या जागी आणि शेजारच्या झाडांना 10 लिटरला 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी करावी, त्याच कोयत्याने दुसऱ्या झाडाचे पील कापू नयेत.

आपल्याकडे जास्त नुकसान होतं ते हरण्या रोगाचं, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचं. पानावर पिवळे पट्टे उठतात, पान फाटतं, पोंगा सडतो. मावा हा विषाणू काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि बांधावरच्या केन्यावरून आणतो. केळीत या भाज्यांचं आंतरपीक घेऊन वर रोपाला दोष देण्यात अर्थ नाही. लक्षण लावणीनंतरच्या पहिल्या एक-दोन पानांतच आलं आणि एकाच लॉटच्या झाडांत विखुरलेलं असेल तर संशय रोपावर घ्यावा; दोन महिन्यांनी, एका कडेकडून आत सरकत आलं तर ते शेतातलं. हा निवाडा करता यावा म्हणून दोन रोपवाटिकांची रोपं एका ओळीत मिसळू नयेत.

तक्रारीच्या जागा आणखी दोन. टिश्यूच्या झाडाला पील जास्त फुटतात. निसवणीपर्यंत दर 15-20 दिवसांनी ते जमिनीलगत कापावे लागतात, ती मजुरी हिशेबात धरावी. आणि सगळी जी-नाईन एकाच नकलेची असल्याने एकाला मारणारा रोग सगळ्यांना मारतो. मागच्या शतकात ग्रोस मिशेल ही निर्यातीची जात मातीतून पसरणाऱ्या बुरशीच्या पनामा मर रोगाने अशीच बाद झाली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गट आला; जी-नाईन त्याच गटातली. पनामाचा नवा प्रकार, टीआर-4, कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार, उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. बाटलीतलं रोप तो आणत नाही, पण पिशवीतली माती आणू शकते. रोपवाटिका माती कुठली भरते हे विचारणं म्हणून आगाऊपणाचं नाही.

एकंदर टिश्यूच्या रोपाला पाचपैकी चार गुण. अर्धा गुण लेबल वाचूनही लॉटची शंका उरते म्हणून कापला, अर्धा मे-जूनच्या घाईच्या मालासाठी. ठिबक, कुंपण आणि मालाला गाडी ठरलेली असेल तर घ्यावं. परसबागेत चार झाडं लावायची असतील, किंवा वसईची राजेळी, कोकणातली वेलची असल्या जाती हव्या असतील तर ओळखीच्या निरोगी बागेतून पील आणावा.

रोपं नेमकी मोजून घेऊ नयेत, शेकडा पाच जास्त घ्यावीत आणि ती जादाची रोपं पिशवीतच ठेवून पाणी द्यावं. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) 20-25 दिवसांच्या आत भरल्या तर ते झाड बागेबरोबर निसवतं. त्यानंतर भरलेलं झाड मोठ्यांच्या सावलीत राहतं आणि काढणीला बाकीच्यांना गाठत नाही.