ट्रॉली नवी घ्यायची की जुनीच करून घ्यायची: वर्कशॉपचा अनुभव

पलूस-वाळवा भागातल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपबद्दल लिहितोय. खाली थोडी तक्रारपण आहे म्हणून नाव घालत नाही, पण जुनी ट्रॉली दारात गंजत पडलीय आणि काय करायचं कळत नाही अशांना उपयोग होईल.

आमची ट्रॉली दोन चाकी टिपिंग (जॅकनं उचलून माल ओतणारी), 10 बाय 6 फूट, आण्णांनी 2008 ला घेतलेली. ऊस कारखान्याच्या गाड्यांनी जातो, हिच्यावर शेणखत, मळी, वैरण, मधेच कुणाच्या घराच्या विटा. शेणखत ओलं असताना तळाच्या कोपऱ्यात बसून राहतं आणि पत्रा खातं, त्यामुळं तळाला हात जाईल एवढी भोकं पडलेली आणि बाजूची फाळकी तारेनं बांधलेली. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, भंगारात घाला. नवीचं कोटेशन 2 लाख 15 हजार, त्यात जुनीचे 40 हजार वजा करतो म्हणाले, म्हणजे पावणेदोन लाख खिशातून.

ह्या वर्कशॉपला गेलो ते खरं तर नवीचाच दर विचारायला. मिस्त्री म्हणाले, "पत्र्याचं सोडा ओ दादा, पत्रा जाणारच असतो, चासी न् ॲक्सल दाखवा आधी." ट्रॉली उचलून चासीच्या (खालच्या सांगाड्याच्या) चॅनेलवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर, सगळीकडं हातोडीनं ठोकत गेले, जिथं आवाज बसका आला तिथं वायर ब्रशनं गंज काढून बघितलं. मग दोरीनं दोन्ही कर्ण मापले, सारखे आले, म्हणजे चासी तिरकी झालेली नाही. ॲक्सल जिथं हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) जातो तिथं रॉकेल लावलं, पुसून घेतलं आणि वर खडू घासला. चीर असती तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ दाखवतं. रेघ आली नाही. आली असती तर मीच नवी घ्यायला लावली असती म्हणाले, कारण ॲक्सलला वेल्डिंग मारून भरलेली ट्रॉली रस्त्यावर न्यायची म्हणजे मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या जिवाशी खेळ. हे ऐकल्यावर माझा विश्वास बसला बघा, ज्याला नुसतं काम पाहिजे असतं तो असं बोलत नाही.

दुसरी गोष्ट मला आधी कुणी सांगितलीच नव्हती. ट्रॉलीचं पासिंग (आरटीओतली नोंदणी) ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं, आरसी वेगळी, आणि चासी नंबर चॅनेलवर ठोकलेला असतो. काही ठिकाणी सडलेला चॅनेल कापून सरळ नवा टाकतात आणि नंबरचा तुकडा भंगारात जातो, मग कागद एका ट्रॉलीचे आणि दारात उभी दुसरीच. आमच्या इथं एक आडवा चॅनेल बदलला, नंबरवाल्या उभ्या चॅनेलला मिस्त्रींनी गॅस कटर लावूच दिला नाही.

एकूण खर्च 62 हजार. त्यात तळाला 4 मिमी पत्रा, नवी फाळकी, टिपिंगच्या बिजागरीच्या पिना आणि बुश, हबची बेअरिंग आणि सील, जॅकचं सील किट, आणि ट्रॅक्टरची पिन जिथं जाते ती कडी, ती झिजून लंबगोल झालेली. बिल पत्र्याच्या वजनावर लावलं होतं, ते पडताळणं सोपं आहे, 1 मिमी जाडीचा 1 चौरस मीटर लोखंडी पत्रा 7.85 किलो भरतो. आमचा तळ 60 चौरस फूट म्हणजे साडेपाच चौरस मीटरच्या वर, 4 मिमीचे 175 किलो होतात, बिलात 178 होते. कापताना तेवढं वाया जातं, हिशोब चोख.

वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा चाकाला किंवा कुठंतरी लांब न लावता जिथं काम चाललंय तिथंच लावत होते, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि नव्या बेअरिंगला खड्डे पडतात. गावातला वेल्डर एवढं बघत नाही.

आता तक्रारी. सांगितलेल्या तारखेच्या बरीच पुढं ट्रॉली मिळाली, तोवर शेणखत ओढायला शेजारच्यांची मागून आणावी लागली, आणि फोन उचलत नव्हते हे जास्त लागलं. रंगाचं कामपण घाईचं, वर चकाचक पण तळाच्या खालच्या बाजूला रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) एकच पातळ हात, आणि गंज तर तिथूनच चढतो. मी परत नेऊन दुसरा हात मारून घेतला, पैसे घेतले नाहीत, पण सांगावं लागलं. रेडियमच्या पट्ट्या (मागं लाल, बाजूला पिवळ्या, पुढं पांढऱ्या) आपण आणून दिल्या तरच लावतात, ते मला पटलं नाही, त्याशिवाय ट्रॉली गेटच्या बाहेर सोडूच नये. टेल लॅम्पची वायरिंगपण मी बाहेर करून घेतली.

टायर 7.50-16 चे जुनेच ठेवलेत, बाजूला बारीक तडे दिसायला लागलेत, तो खर्च पुढच्या वर्षी येणारच. तो धरला तरी नव्याच्या निम्म्यात बसतं. पण तुमच्या ट्रॉलीचे कर्ण जुळत नसतील किंवा खडूवर रेघ उठली तर 62 काय, 20 हजारपण घालू नका. मी 5 पैकी 4 देतो, एक तारखेचा आणि रंगाचा कापला. जायचं तर दसऱ्याच्या बरंच आधी जा, गळीत हंगाम जवळ आला की त्यांच्याकडं ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि आपल्यासारख्यांचं काम मागं पडतं.