लोकसभेतला कांदा आणि अँटकाँक: वापरानंतरचा अनुभव

संसदेतली भाषणं तपासायला मी गेल्या पावसाळ्यापासून अँटकाँक वापरतोय. जपानमधल्या वासेदा विद्यापीठाच्या लॉरेन्स अँथनींनी बनवलेलं, मोठ्या मजकुरातले शब्द शोधून मोजणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि प्रोग्रामिंग येत नसलं तरी अडत नाही. आम्ही नाशिककर, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. कांदाच घेतला.

घाम निघतो तो मजकूर तयार करताना. संसदेच्या डिजिटल लायब्ररीत इतिवृत्तं आहेत, पण जुनी पानं स्कॅन केलेली. दादासाहेब गायकवाड १९५७ला नाशिकमधून निवडून गेले, त्या काळातलं एखादं भाषण हवं तर ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून मजकुरात उतरवून, ओळ न् ओळ ताडून बघायची तयारी ठेवा. विधानसभेची मराठी भाषणं घातली तेव्हा वेगळीच गंमत. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द यादीत दोनदा! दिसायला सारखाच, पण त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन तऱ्हांनी टाइप होतो, आणि यंत्राच्या लेखी ते दोन शब्द. आधी सगळीकडे एकच रूप करून घ्या. टोकनच्या (यंत्र एक शब्द कशाला धरतं त्याच्या) व्याख्येत ‘मार्क’ हा काना-मात्रांसारख्या चिन्हांचा वर्ग धरलाय का तेही बघा, नाहीतर ती तुटून शब्दांचा चुरा होतो.

शब्दांच्या वारंवारतेची यादी मला फारशी कामाची वाटली नाही. वर ‘महोदय’, ‘माननीय’ आणि ‘व्यवधान’!

खरा माल आहे कॉन्कॉर्डन्समध्ये. शोधलेला शब्द मधोमध, दोन्ही बाजूंना त्याचं वाक्य, अशा ओळी एकाखाली एक लागतात. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालूच होतं, म्हणून तेवढा मजकूर वेगळा काढला. ‘प्याज के दाम’ शोधून उजवीकडच्या शब्दांवर क्रम लावला की कोण दाम पडल्याचं रडगाणं गातंय आणि कोण चढल्याचं, हे वेगळं दिसायला लागतं. मग त्या ओळीवरून मूळ भाषणात जायचं आणि शांतपणे वाचायचं.

सोबत भावना मोजणारं एक मॉडेलही लावून पाहिलं. ते आठवडाभरात काढून टाकलं. ‘भाव वाढले’ ही लासलगावात आनंदाची बातमी, दिल्लीच्या गिऱ्हाईकाला संकट. मॉडेल दोघांना एकच शिक्का मारतं. ‘सरकारने फार मोठी मेहेरबानी केली’ असं विरोधी बाकांवरून कुणी म्हणालं की तेही कौतुकात जमा.

अजून एक. लोकसभेच्या नियम ३८०खाली अध्यक्षांनी काढून टाकलेले शब्द इतिवृत्तात नसतात, तिथे फुल्या असतात. मराठीत केलेलं भाषण बहुतेकदा भाषांतर होऊनच छापलं जातं. म्हणजे आपल्या खासदारांचा ठसका तिथे शोधायला जाऊ नका. त्यासाठी संसद टीव्हीची चित्रफीतच बघावी लागते.

राज्यशास्त्राच्या मुलांनी जरूर घ्यावं. पण सुरुवात एकाच अधिवेशनापासून करा. सतराव्या लोकसभेचा सगळा मजकूर एकदम ओतलात तर साफसफाईतच परीक्षा उजाडेल.