केळीच्या खांबाची तेल पिणारी गादी

सावद्याला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. धुलाईच्या खड्ड्यात पाण्यावर कायम ऑइलचा तवंग. आधी लाकडाचा भुसा टाकायचो, तो पाणीच पिऊन तळाशी बसायचा.

यंदा केळीच्या खांबापासून केलेल्या काळ्या गाद्या आणल्या, 340 रुपयांना चार. घड कापला की आपल्याकडे खांब बांधावर सडतो, त्याचंच हे. कमी हवेत तापवून धाग्याचा कोळसा करतात. आत बारीक छिद्रं राहतात, पाणी चिकटत नाही, तेल मात्र ओढलं जातं. वर पाण्याचा थेंब सोडला तर घरंगळला. पोऱ्या म्हणतो, "भाऊ, हे तं अळूचं पान!"

दहा-बारा मिनिटांत तवंग गेला. पिळून परत वापरा म्हणे. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा हातात चुरा आला, हात काळे झाले ते वेगळंच. आणि साबणाचं पाणी मिसळलं की खेळ खलास: तेल फुटून पाणी दुधासारखं होतं, गादी ते धरत नाही. म्हणून आता आधी गादी, मग साबण.

पुढची खेप घेणार, पण कापडी पिशवीत शिवून द्या म्हणून सांगितलंय.