सातचा उतारा की बाराचा? किडनीसाठी जनुकीय चाचणी करण्याआधी

आई किंवा वडिलांचं डायलिसिस सुरू झालं की घरातल्या तिशीच्या मुलांना एकच घोर लागतो: उद्या आपलं काय? तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात येते. थुंकीचा नमुना पाठवा, किडनीचा धोका आधीच कळेल. फॅमिली डॉक्टर मात्र म्हणतात, "लघवी आणि क्रिएटिनिन करून घे, बस." एकीकडे बहुतेकदा पाच आकडी रक्कम, दुसरीकडे काही शे रुपये. महाग ती जास्त खरी, असा आपला साधा हिशेब असतो. किडनीच्या बाबतीत तो बऱ्याच घरांत चुकतो आणि काही घरांत अगदी बरोबर निघतो. आपलं घर कोणत्या बाजूला पडतं, तेवढं बघायचं.

शेती असलेल्यांना हे लगेच कळेल. सातबारा म्हणजे दोन नमुने. सात सांगतो जमीन कुणाची आणि तिच्यावर बोजा कसला; बारा सांगतो यंदा रानात उभं काय आहे. जनुकीय चाचणी हा सातचा उतारा. जन्मापासून चढलेला बोजा ती दाखवते आणि आयुष्यात एकदा केली की सहसा पुरते. रक्त-लघवी म्हणजे बारा, तो वर्षाच्या वर्षाला काढावा लागतो. बोजा असलेल्या जमिनीतही पीक डोलतं आणि निर्वेध सातबाऱ्याचं रानही करपतं.

आधी बारा

क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा. किडनी तो गाळून टाकते, गाळणं मंदावलं की तो रक्तात साठतो. अडचण अशी, की किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी हा आकडा लॅबच्या 'नॉर्मल' रकान्यात बसून राहू शकतो. शिवाय तो माणसाच्या अंगकाठीवर हलतो. २५ वर्षांच्या नातवाचं क्रिएटिनिन १.२ आलं, तर वय आणि लिंग धरणाऱ्या २०२१ च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ८६ निघतो. त्याच्या ६५ वर्षांच्या आजीचं तेच १.२ आलं, तर ५०. आजीचा हा आकडा तीन महिन्यांनीही ६० च्या खालीच राहिला, तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा दीर्घकाळचा आजार, म्हणतात. म्हणून "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढं ऐकून घरी येऊ नका. ईजीएफआर किती, ते विचारा.

जिमला जाऊन क्रिएटिन पावडर घेणारा, अगदीच हडकुळा किंवा आजाराने स्नायू झडलेला माणूस असेल, तर क्रिएटिनिन फसवतं. तिथे सिस्टॅटिन सी ही रक्ताची दुसरी चाचणी कामाला येते. थायरॉइडचा बिघाड आणि स्टिरॉइडच्या गोळ्या मात्र तिलाही फसवतात.

पण लवकर ओळखायचं असेल तर खरी चाचणी लघवीची आहे: अल्ब्युमिन हे प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, लॅबच्या भाषेत एसीआर. हे ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर जाणं ही धोक्याची पहिली घंटा. मधुमेहात ती बऱ्याचदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कित्येक वर्षं आधी वाजते. नेहमीच्या लघवीच्या तपासणीतली रंग बदलणारी पट्टी एवढं थोडं अल्ब्युमिन पकडेलच असं नाही, तेव्हा "लघवी केली होती" म्हणजे एसीआर झाला असं धरू नका. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीची दमवणारी मेहनत असेल तर थांबा. एकदा जास्त आला तर तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करून घ्या. मला विचाराल, तर घरात मधुमेह किंवा रक्तदाब असताना हे न करता जनुकांवर पैसे घालणं म्हणजे रानात पाऊल न टाकता तलाठ्याकडे खेटे घालणं.

आता सात

'किडनीची जनुकीय चाचणी' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. निम्मा गोंधळ इथेच होतो.

पहिली आहे गुणांकाची. किडनीच्या कामाशी नातं असलेल्या जागा जीनोममध्ये, म्हणजे आपल्या सगळ्या जनुकीय माहितीत, शेकड्यांनी आहेत; २०१९ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून अशा २६४ सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढतात. २०२२ मध्ये अशा एका गुणांकाचा अभ्यास आला, त्यात सर्वांत वरच्या २ टक्के लोकांचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला. ऐकायला भारी वाटतं. पण या गणितामागची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि आपल्या अंगावर बेतलेला नसलेला सदरा कुठे ना कुठे दाटतोच. जीनोमइंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, ही मोठी गोष्ट आहे. पण नुसत्या जीनोमवरून पुढे कुणाची किडनी बिघडली ते कळत नाही. आणि समजा गुणांक वाईट आला, तर करणार काय? रक्तदाब आणि साखर आवरा, गुडघ्यासाठी मनाने पेनकिलर खाऊ नका, वर्षातून एकदा एसीआर करा. चांगला आला तरी हेच करायचं आहे. हा पर्याय मी सरळ बाजूला ठेवतो.

दुसरी चाचणी एकाच जनुकातला ठळक दोष शोधते. ही गंभीरपणे घ्यावी. अमेरिकेत किडनीच्या ३,३०० हून जास्त रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा ९ टक्क्यांहून जास्त जणांत आजाराचं नेमकं कारण सापडलं. ज्यांच्या फाइलवर 'कारण अज्ञात' होतं त्यांच्यात १७ टक्के. हा अभ्यास २०१९ चा. ध्यानात घ्या, तपासलेले सगळे आधीच आजारी होते, धडधाकट नव्हते.

यातला सर्वांत नेहमीचा आजार म्हणजे किडनीत पाण्याच्या गाठी होणारा, पॉलिसिस्टिक. पीकेडी१ किंवा पीकेडी२ या जनुकात दोष असतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. इथे गंमत अशी, की साधी सोनोग्राफी जनुकीय चाचणीच्या तोडीस तोड ठरते. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार आहे आणि तुमचं वय १५ ते ३९ आहे, तर दोन्ही किडन्या मिळून ३ गाठी दिसल्या की निदान झालं. चाळिशी ओलांडल्यावर दोनपेक्षा कमी गाठी असतील तर सुटलात. पीकेडी१ वाचणंही किचकट आहे, कारण त्याच्यासारखे दिसणारे सहा तोतये जनुक शेजारीच आहेत. तेव्हा स्वस्त चाचणीत तो नीट वाचला जातो का, हे आधी विचारावं. मग जनुक तपासायचा कधी? सोनोग्राफी काठावरची असेल तर, किंवा पुढचा अंदाज हवा असेल तर. पीकेडी१ मध्ये किडनी सरासरी पन्नाशीत निकामी होते, पीकेडी२ मध्ये सत्तरीत. वीस वर्षांचा हा फरक घरकर्जापासून मुलाबाळांपर्यंत सगळं बदलतो.

आणि एक परिस्थिती अशी आहे की तिथे चाचणीच्या खर्चाकडे बघू नये: भाऊ किंवा बहीण किडनी द्यायला निघालेली असते तेव्हा. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं घरच्याच माणसाच्या किडनीवर होतात. दाता २८ वर्षांचा, सोनोग्राफी स्वच्छ, पण घरात गाठींचा आजार. त्या वयात स्वच्छ सोनोग्राफी पूर्ण हमी देत नाही. आज दिलेली किडनी वीस वर्षांनी त्यालाच हवी होती असं निघालं, तर ते दान राहत नाही.

युमॉड या जनुकाचा आजार तर बाराच्या उताऱ्यावरून ओळखूच येत नाही. लघवी स्वच्छ, सोनोग्राफी बराच काळ साधीच, आणि क्रिएटिनिन गुपचूप चढत जातं. ऐन तारुण्यात युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजणं, म्हणजे गाऊट, ही कधीकधी एकमेव खूण असते. आजोबा, वडील आणि काका तिघांनाही गाऊट आणि किडनी, अशी घराण्याची कहाणी असेल तर सातच काढावा लागतो. लघवीत रक्त, कमी होत जाणारं ऐकू येणं आणि आईच्या बाजूने, मामालाही असलेला किडनीचा आजार, ही अल्पोर्ट या आनुवंशिक आजाराची चाल. इथे लवकर कळण्याला अर्थ आहे, कारण रॅमिप्रिलसारखं रक्तदाबाचं जुनं औषध वेळेत सुरू केल्यास किडनी बरीच वर्षं जास्त टिकते.

लहान मुलांचं गणित आणखी वेगळं. अंगावर सूज आली, लघवीतून प्रथिनं जातायत आणि स्टिरॉइडने उतरत नाही, अशा मुलात जनुकीय दोष सापडला तर महिनोन्महिने निरुपयोगी जालीम औषधं देणं टळू शकतं. मूल सारखं पाणी पितं, मोठं होऊनही अंथरूण ओलं करतं, वाढ खुंटली आहे आणि रक्त कमी आहे, तर 'नेफ्रोनोफ्थायसिस' (किडनीचा एक आनुवंशिक आजार) हा शब्द डॉक्टरांपुढे काढायला संकोच करू नका. आईवडील नात्यातले असतील, मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर ते लपवू नका. दोघांकडून एकेक दोष आल्यावरच होणारे हे आजार तिथे जास्त सापडतात.

मायक्रोआरएनए, मेथिलेशन (जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या गोष्टी) वगैरे मोजण्याच्या बातम्या येत राहतात. ते अजून प्रयोगशाळेत आहे.

याउलट सातचा काही उपयोग नाही अशीही गावं आहेत. गोव्यातला काणकोण तालुका किंवा आंध्रातलं उद्दानम इथे मधुमेह नसलेल्यांच्याही किडन्या जातात आणि नेमकं एक कारण अजून ठरलेलं नाही. अशा भागात एकाच वाड्यातले चार जण आजारी दिसले की 'आनुवंशिक' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण एकाच घरात राहणारे लोक जनुकांइतकंच पाणी, ऊन आणि कामही वाटून घेतात. तिथे वर्षाला ईजीएफआर आणि एसीआर, दुसरं काही नाही.

चाचणी करायचीच ठरली, तर रिपोर्टवर येऊ शकणारं एक उत्तर आधीच समजून घ्या: 'बदल सापडला, अर्थ अनिश्चित'. भारतीय जीनोमची तुलनेसाठीची माहिती तोकडी असल्याने हे उत्तर आपल्या वाट्याला जास्त येतं. ते निदान नव्हे. त्याच्या जोरावर कुणाचं लग्न मोडू नये की कुणाला दाता म्हणून नाकारू नये. आरोग्यविमा काढायचा राहिला असेल, तर चाचणीआधी तो विषय मार्गी लावा.

आणि रक्त आधी कुणाचं द्यायचं? तुमचं नाही. ज्याची किडनी गेली आहे, त्याचं. वडिलांमध्ये दोष सापडला तर तुमच्यात तोच एक शोधायचा, खर्चही कमी आणि उत्तरही हो किंवा नाही असं स्वच्छ. वडिलांना न तपासता तुमचा रिपोर्ट कोरा आला, तर दोष तुमच्यात आला नाही की त्या चाचणीला तो दिसलाच नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. वडील पुढच्या वेळी डायलिसिसला जातील तेव्हा जुनी फाइल सोबत न्या आणि डॉक्टरांना पहिल्या पानावरचं दाखवून विचारा, की आजाराचं कारण म्हणून जे लिहिलंय ते कशावरून लिहिलं होतं.